टिपणांवरची सूची



लिहून ठेवणें ही एक विद्या आहे आणि लिहिलेलें वेळेवर सांपडणें ही दुसरी. पहिली आपण मुलांना शाळेंत शिकवितों. दुसरी ज्याची त्यानें शिकावी असें गृहीत धरतों. अलीकडे पुष्कळ घरांतून टिपणें संगणकावर ठेविलीं जातात. त्यासाठीं जे टिपण-कार्यक्रम मिळतात, त्यांना वरून जोडावयाचीं लहान साधनें असतात. त्यांस 'प्लग-इन' म्हणतात. मूळ कार्यक्रम टिपणें लिहून घेतो. हें जोडसाधन त्यांची सूची करतें, वर्गवारी लावतें आणि विषय सांगितला कीं त्या विषयाचीं टिपणें पुढें मांडतें. युक्ति नवी वाटते खरी. परंतु टिपणें एकीकडे आणि त्यांवर वरून बसविलेली सूची दुसरीकडे, ही कल्पना निदान साडेचारशें वर्षांची जुनी आहे. तिच्या इतिहासांत एकच प्रश्न पुन्हां पुन्हां उभा राहिलेला दिसतो: सूचीनें टिपणांची सेवा करावयाची, कीं टिपणांनीं सूचीच्या सांच्यांत बसावयाचें?

झूरिच येथील कॉनराड गेस्नर (१५१६–१५६५) हा वैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि मोठा ग्रंथसूचीकार. १५४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें आपली रीत सांगून ठेविली आहे. वाचतांना जें घ्यावयाचें तें कागदाच्या एकाच बाजूस लिहावें, कात्रीनें प्रत्येक नोंद निराळी कापावी, कपटे विषयवार लावावे आणि क्रम मनासारखा जमला म्हणजे चिकटवावे. रीत सोपी, पण कपटा एकदां चिकटला कीं एकाच विषयाचा झाला. आणि न चिकटवावा तर वाऱ्याची एक झुळूक पुरे!

पुढें सुमारें शंभर वर्षांनीं टॉमस हॅरिसन नांवाच्या एका इंग्रज गृहस्थानें यावर कपाटाचा उपाय काढला. कपाटाच्या आंत वर्णानुक्रमानें विषयांचीं नांवें आणि प्रत्येक नांवाखालीं एक आंकडा. टिपणाचा कपटा त्या त्या आंकड्याला अडकवावयाचा. विषयांची संख्या सुमारें ३०००. १६८९ सालीं प्लाक्सियस या जर्मन पंडितानें या कपाटाचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि तत्त्वज्ञ लाइबनिझ् याच्याजवळ असें एक कपाट होतें असें सांगतात. यंत्र म्हणून तें मोठें देखणें होतें यांत शंका नाहीं. पण माणसानें जन्मभर ज्यांवर विचार करावयाचा ते तीन हजार विषय आधींच पत्र्यावर कोरून ठेवावयाचे, ही गोष्ट मला तरी थोडी उद्धटपणाची वाटते.

याउलट जॉन लॉक याची युक्ति पाहा. लॉक त्या वेळीं इंग्लंड सोडून हॉलंडमध्यें राहात होता. १६८६ सालीं तेथील एका फ्रेंच नियतकालिकांत त्यानें आपल्या टिपणवहीची पद्धति प्रसिद्ध केली. ती त्यानें स्वतः वीसाहून अधिक वर्षें वापरलेली होती. वहीच्या आरंभीं समोरासमोरचीं दोन पानें सूचीसाठीं राखावयाचीं. त्यांवर वीस अक्षरें आणि प्रत्येक अक्षरापुढें पांच स्वर, म्हणजे शंभर घरें आंखावयाचीं. टिपणाच्या मथळ्याचें पहिलें अक्षर आणि त्यापुढें येणारा पहिला स्वर, एवढ्यावरून त्याचें घर ठरतें. लॅटिनमधील 'एपिस्टोला', म्हणजे पत्र, हा शब्द 'ई' अक्षरापुढील 'आय' या घरांत जावयाचा. आपल्याला हें समजावयास वेळ लागूं नये, कारण ही बाराखडीचीच धाकटी बहीण आहे: 'किल्ला' हा शब्द क-च्या ओळींत इकाराच्या घरांत, 'कुलूप' उकाराच्या.

खरी खुबी पुढेंच आहे. कोणत्याहि विषयासाठीं पानें आगाऊ सोडावयाचीं नाहींत. ज्या घराची नोंद प्रथम येईल तिला वहींतील पुढचीं कोरीं पानें द्यावयाचीं आणि त्यांचा आंकडा त्या घरांत मांडावयाचा. पानें भरलीं तर पुढें जेथें कोरी जागा असेल तेथें जावें आणि नवा आंकडा जुन्याशेजारीं लिहावा. इतकेंच! वही वाढते तशी सूची वाढते. वहीनें सूचीची वाट पाहावयाची नाहीं. विद्यार्थ्यांच्या वह्यांत प्रत्येक विषयाला वीस वीस पानें सोडण्याची चाल आम्हां मास्तरांनींच पाडली, आणि वर्षअखेर निम्मी वही कोरी व उरलेल्या भागांत जागा नाहीं हें दृश्यहि आम्हींच पाहिलें.

एका माणसाची वही सोडून कामाला हजारों हात लागले म्हणजे पुन्हां सुट्या चिठ्ठ्याच लागतात. ऑक्सफर्डच्या महाकोशासाठीं जेम्स मरे यानें १८७९ पासून काम आरंभिलें, तेव्हां त्याच्या पत्र्याच्या खोलींत चिठ्ठ्यांसाठीं १०२९ खण होते. तरीहि 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द मूळ कोशांत आलाच नाहीं; १९३३ च्या पुरवणींत त्याला जागा मिळाली. वहीचें पान असें सहज हरवत नाहीं. आपल्या पुण्यांत डेक्कन कॉलेजांत डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या योजनेनें १९४८ सालीं संस्कृत महाकोशाचें काम सुरू झालें. सुमारें १५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटि चिठ्ठ्या काढण्यांत आल्या, आणि पहिला खंड १९७६ सालीं निघाला. एवढ्या चिठ्ठ्यांत हवी ती हाताला लागते, ती केवळ क्रम पाळणाऱ्यांच्या शिस्तीमुळें.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–१९९८) यानें एकट्यानें सुमारें ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. त्यानें विषयवारी जवळजवळ टाकूनच दिली. प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक, एका चिठ्ठीवर दुसरीचा निर्देश, आणि शब्दसूचींत एकेका शब्दापुढें फार थोडे आंकडे. सूचीनें दार दाखवावें, आंत फिरणें चिठ्ठ्यांच्या आधारानें व्हावें, असा हा बेत.

आतां पुन्हां संगणकाकडे. 'ऑब्सिडियन' हा टिपण-कार्यक्रम २०२० सालीं निघाला. त्यांतील प्रत्येक टिपण ही साध्या मजकुराची एक स्वतंत्र फाईल असते, आणि जोडसाधनें इतर लोकहि करून देतात. त्यांतील 'डेटाव्ह्यू' हें साधन टिपणांच्या माथ्यावर लिहिलेलीं तारीख, लेखक, विषय अशीं अंगें वाचून आपली सूची निराळी बांधतें, आणि मागाल तसा तक्ता करून देतें. टिपण जागचें हलत नाहीं. ही लॉकचीच रीत. फक्त आंकडे मांडण्याचें काम यंत्राकडे गेलें. परंतु एक भेद विसरूं नये. जोडसाधन काढून टाकलें तर टिपणें शाबूत राहातात, पण तक्त्याच्या जागीं उरते ती त्या साधनाला केलेली सांकेतिक भाषेंतील मागणी. ज्यानें साराच क्रम अशा मागण्यांत ठेविला, त्याला त्या दिवशीं नुसते प्रश्न दिसतील, उत्तरें दिसणार नाहींत. म्हणून महत्त्वाच्या विषयांचें एखादें पान हातानें लिहून त्याच टिपणांत ठेवावें, असें मी शेजारच्या महाविद्यालयीन मुलांना सांगत असतों.

लॉकचीं कागदपत्रें व टिपणवह्या १९४७ सालीं ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयानें विकत घेतल्या. सूची त्याच वहींत, त्याच शाईनें लिहिलेली. ती वाचावयास वहीखेरीज दुसरें कांहींहि लागत नाहीं.