रुग्णाच्या उशाशी : आज्ञा आणि अवलोकन

४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई अडतीस स्त्रियांसह तुर्कस्तानातील स्कुटारी येथे उतरल्या. क्रिमियाच्या युद्धातील जखमी आणि आजारी इंग्रज सैनिक तेथील लष्करी इस्पितळांत दाटीवाटीने पडलेले होते. या अडतीस जणींमध्ये दहा कॅथलिक धर्मभगिनी होत्या. लंडनच्या बर्मंडसी कॉन्व्हेंटच्या मदर मेरी क्लेअर मूर त्यांतल्याच एक. युद्ध संपत आले तेव्हा नाइटिंगेलबाईंनी या मदरना पत्र लिहून कबूल केले, की प्रमुखपदाला माझ्याहून तुम्हीच अधिक योग्य होता. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला दिवा घेतलेली एकटीच स्त्री दिसत आली. तिच्या मागे उभ्या असलेल्या या भगिनी सहसा दिसल्या नाहीत.

परंतु मला सांगायचे आहे ते त्या पहिल्या काही दिवसांविषयी. हाकेच्या अंतरावर सैनिक कण्हत होते आणि शुश्रूषेसाठी समुद्र ओलांडून आलेल्या या स्त्रिया बँडेजे आणि कपडे शिवीत बसल्या होत्या. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कोणीही वॉर्डात पाऊल टाकायचे नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. लष्करी डॉक्टरांच्या दृष्टीने या स्त्रिया म्हणजे सरकारने लादलेली ब्याद होती, हे त्या ओळखून होत्या. त्या आगंतुकपणे आत शिरल्या असत्या तर कायमच्या बाहेर फेकल्या गेल्या असत्या. इंकरमनच्या लढाईतील जखमींनी इस्पितळ ओसंडू लागले, आणि मग डॉक्टरांनीच हाक मारली. धोरण यशस्वी झाले. मात्र त्या दिवसांत पडलेला पायंडा, म्हणजे आज्ञा आल्यावरच हलायचे, हा युद्ध संपले म्हणून संपला नाही.

नवल असे, की परिचारिकेच्या डोळ्यांना आणि बुद्धीला सर्वांत मोठा मान दिला तोही याच बाईंनी. १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर जे छोटेखानी पुस्तक लिहिले, त्यातील रुग्णाच्या अवलोकनावरचे प्रकरण परिचर्या शिकणाऱ्या प्रत्येक मुलीने आजही वाचावे. ‘रात्री झोप चांगली लागली ना?’ हा प्रश्न त्या निरुपयोगी ठरवितात. दहा तास सलग झोपण्याची सवय असलेल्याला एकदा जाग आली तरी रात्र वाईट गेली असे वाटते. आणि दुसरा एखादा रात्रीमागून रात्री जागूनही त्याची तक्रार करीत नाही. म्हणून विचारावे, किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी? अन्नाचेही तसेच. ताट परत गेले एवढे पाहून भागत नाही. कोणत्या वेळी या माणसाच्या घशाखाली घास उतरतो, हे पाहावे लागते. भरल्या घरात, केवळ हे कोणी न पाहिल्यामुळे, रोगी उपाशी मरतात असे त्या स्पष्ट लिहितात. हे निरीक्षण म्हणजे निर्णयाची पहिली पायरी होय. वेळ बदलून पेज पाजणारी परिचारिका निर्णयच घेत असते, मग तिला कोणी तसे म्हणो वा न म्हणो.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. प्रत्येक विद्यार्थिनीच्या प्रगतीची नोंद एका छापील तक्त्यात होत असे. कौशल्याच्या रकान्यांत रुग्णाचे अवलोकन होते. वर्तनाच्या रकान्यांत वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. शंका आली तर ती बोलून दाखविण्याचे धैर्य मात्र कोणत्याच रकान्यात नव्हते. पुढे १८८२ साली एका वैद्यकीय कोशात बाईंनी लिहिले, की आज्ञा पाळायची ती यंत्रासारखी नव्हे, तर विचारी आणि जबाबदार माणसासारखी. पण शाळेमागून शाळा निघाल्या, जगभर पसरल्या, आणि त्यांनी उचलला तो पहिला धडा. दुसरा कागदावरच राहिला, असे माझे मत आहे.

याचा पुरावा अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडतो. चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इस्पितळांतील बावीस परिचारिकांना फोन करविले. पलीकडे कधीही न भेटलेला ‘डॉक्टर’. अमुक रुग्णाला ‘अ‍ॅस्ट्रोटेन’ वीस मिलिग्रॅम द्या, मी थोड्या वेळाने येऊन सही करतो. डबीवर स्पष्ट छापले होते की दिवसाची कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम. फोनवरून आलेला आदेश पाळणे इस्पितळाच्या नियमाबाहेरचे होते, आणि औषध वॉर्डाच्या यादीतही नव्हते. बावीसपैकी एकवीस जणी ते औषध घेऊन रुग्णाकडे निघाल्या. डबीत साखरेच्या निरुपद्रवी गोळ्या होत्या आणि वाटेतच त्यांना थांबविण्यात आले, म्हणून कोणाला काही झाले नाही.

याच अभ्यासातील दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. एकवीस विद्यार्थिनींना हाच प्रसंग केवळ शब्दांत सांगून विचारले, तुम्ही काय कराल? एकवीसही जणी म्हणाल्या, आम्ही देणार नाही. त्या खोटे बोलत होत्या असे नव्हे. वर्गात बसून दिलेले उत्तर आणि संध्याकाळच्या पाळीत, हातातली दहा कामे अर्धवट असताना, फोनवरच्या अधिकारी आवाजाला द्यायचे उत्तर यांत केवढे अंतर असते, हे या व्यवसायात गेलेल्या आपल्या घरच्या कोणत्याही लेकीला विचारावे.

दुसऱ्याच वर्षी, १९६७ साली, लिओनार्ड स्टाइन या डॉक्टरने या नात्यातील एका खेळाचे वर्णन केले. काय करायला हवे हे परिचारिकेला ठाऊक असते, पण ते तिने अशा रीतीने सुचवायचे की सूचना डॉक्टरांचीच वाटावी. ‘झोपेच्या गोळीने मागे यांना बरे वाटले होते,’ एवढेच म्हणून थांबायचे. कल्पना तिची, हुकूम त्यांचा. ज्ञान होते, ते बोलायला सरळ वाट नव्हती.

ती वाट कशाने मोकळी होते, याचा थोडा उलगडा १९७७ साली झाला. रँक आणि जेकबसन या संशोधकांनी हॉफलिंगचाच प्रयोग थोड्या फरकाने केला. या वेळी औषध परिचयाचे होते, व्हॅलियम. मात्रा पूर्वीसारखीच अवाजवी. आदेश देणारा डॉक्टर माहितीतला होता. मुख्य म्हणजे परिचारिकांना शेजारच्या सहकारिणीशी बोलण्याची मुभा होती. अठरापैकी दोघीच औषध द्यायला तयार झाल्या. सोळा जणी थांबल्या. आणि त्या काही अधिक धीट मातीच्या घडल्या होत्या असे मानायला आधार नाही. त्यांना औषध ठाऊक होते, आणि ‘अगं, ही मात्रा जास्त नाही का?’ असे जिला विचारता येईल अशी दुसरी कोणी जवळ होती.