अनुरक्षण अनुदान

अनुरक्षण अनुदान : अठरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे बालगृह सोडावे लागलेल्या, घर नसलेल्या मुलामुलींच्या निवासासाठी, शिक्षणासाठी व रोजगारासाठी शासन, कंपन्या आणि देणगीदार यांच्याकडून मिळणारे अर्थसाहाय्य. यातील बराचसा भाग स्वयंसेवी संस्थांमार्फत मुलांपर्यंत पोहोचतो. तरुणांना बेघर होण्यापासून वाचवण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

महाराष्ट्रात निराधार मुलांसाठी संस्था काढण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत 1857 मध्ये डेव्हिड ससून औद्योगिक शाळा सुरू झाली. 1924 च्या मुंबई बालक अधिनियमानंतर 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत परिविक्षा व अनुरक्षण संघटना उभ्या राहिल्या. नाशिकमध्ये उंटवाडीचे निरीक्षणगृह आणि घारपुरे घाटावरचा आधाराश्रम या संस्था नाशिककरांच्या परिचयाच्या आहेत.

अशा संस्थांत मुले कशी पोहोचतात, ते एकलहऱ्याच्या परिसरात पाहता येते. एकलहरे हे नाशिक तालुक्यातले औष्णिक वीज केंद्राचे गाव. जवळच नाशिक रोड हे मुंबई–भुसावळ मार्गावरचे मोठे स्थानक आहे. घरातून निघून आलेली मुले अशा स्थानकांच्या फलाटावर प्रथम रेल्वे सुरक्षा दलाच्या नजरेस पडतात. 1098 या क्रमांकावर कळवले जाते, मुलाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते आणि समितीच्या आदेशाने बालगृहात प्रवेश मिळतो. बालगृहाला मुलामागे मिळणाऱ्या अनुदानाचा हिशेब या आदेशापासून सुरू होतो.

संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आणि बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 41 खाली असावी लागते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत संस्थेतील प्रत्येक मुलामागे दरमहा 3,000 रुपये परिपोषण अनुदान धरलेले आहे. राज्यात केंद्र व राज्य यांचा वाटा सर्वसाधारणपणे 60:40 असतो. हजेरीपट, लेखापरीक्षण अहवाल, उपयोगिता प्रमाणपत्र आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांची तपासणी एवढे पार पडले की रक्कम सुटते. मुलांना मात्र रोज दोन वेळा जेवायचे असते. त्यामुळे हप्ता लांबला की किराणा उधारीवर येतो, काळजीवाहकांचे पगार थांबतात. अशा संस्थेचा कारभार समजून घ्यायचा असेल तर आधी वाण्याची वही पाहावी.

दरडोई अनुदानाची खरी उणीव अठराव्या वाढदिवशी उघडी पडते. मुलगा पटावरून कमी झाला की त्याच्या नावाचे पैसेही थांबतात. त्याच महिन्यात त्याला खोली, डिपॉझिट, भाडेकरारासाठी ओळखीचा माणूस आणि आधार कार्डावर नवा पत्ता हवा असतो. यांतले काहीच त्याच्याजवळ नसते. बारावीची परीक्षा किंवा आयटीआयचा अभ्यासक्रम अर्ध्यावर असेल तर तो तिथेच सुटण्याची भीती असते. बाल न्याय अधिनियमाचे कलम 46 अशा मुलाला आर्थिक साहाय्य देण्याची मुभा देते, पण तो त्याचा बिनशर्त हक्क ठरवत नाही. 2016 च्या आदर्श नियमांत हे साहाय्य 21 वर्षांपर्यंत, अपवादात्मक स्थितीत आणखी दोन वर्षे देण्याची तरतूद आहे. सहा ते आठ जणांचे सामूहिक घर, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आणि स्वतःचा धंदा सुरू करण्यासाठी कर्ज, असे त्याचे स्वरूप आहे. मिशन वात्सल्यमध्ये अनुरक्षणासाठी दरमहा 4,000 रुपये आहेत. नाशिक रोडसारख्या भागात खोलीभाडे, मेस आणि प्रवास एवढ्यात भागवणे फार कठीण आहे. इंग्लंडमध्ये 2000 च्या कायद्याने संस्थेबाहेर पडलेल्या तरुणांची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. आपल्याकडे तशी जबाबदारी नेमकी कोणाची, हे जिल्हा पातळीवर ठरायला हवे.

शासनाबाहेरचा मोठा स्रोत म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के खर्च करायचा असतो. अनाथांसाठी घरे व वसतिगृहे उभारणे हा विषय अनुसूची सातमध्ये स्पष्ट नोंदवलेला आहे आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. एकलहऱ्यासारख्या प्रकल्पाच्या गावांसाठी आणि नाशिकमधील सातपूर–अंबडच्या औद्योगिक वसाहतींसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. अडचण अशी की देणगीदाराला इमारत, संगणककक्ष, पाटी लावता येईल असे काही आवडते. एका तरुणाचे दोन वर्षांचे खोलीभाडे कुठल्याच छायाचित्रात येत नाही.

परदेशी देणगीची वाट त्याविषयीच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर अरुंद झाली. मोठ्या संस्थेने मिळालेला परदेशी निधी छोट्या संस्थेला पुढे देण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. ज्या कामात व्यवस्थापनाचा खर्च मोठा असतो, त्याला हा नियम जाचतो.

पूरक उपायांत, मुलाला नातेवाइकांकडेच राहता यावे म्हणून दरमहा 2,250 रुपये देणारी बालसंगोपन योजना आणि 2018 मध्ये अनाथांसाठी लागू झालेले 1 टक्का समांतर आरक्षण यांचा समावेश होतो.

वाढदिवसाला, पुण्यतिथीला बालगृहात जेवण देण्याची चांगली रीत महाराष्ट्रात आहे. ती चालू ठेवावीच. पण पुढच्या वेळी संस्थाचालकांना एवढे जरूर विचारावे : यंदा अठरा वर्षांचे कोण होत आहे आणि त्याच्या खोलीचे डिपॉझिट कोण भरणार आहे?