शिवणयंत्रावर झालेले मायक्रॉन

आम्हा टूलरूमवाल्यांचं दैवत विचाराल तर मी कार्ल एडवर्ड योहान्सनचं नाव घेईन. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना गावच्या सरकारी बंदूक कारखान्यातला हा माणूस 1896 साली माउझर रायफलींच्या कामासाठी जर्मनीत ओबर्नडॉर्फला गेला. तिथं प्रत्येक माप तपासायला वेगळं गेज. रायफलीचे भाग किती, त्यांची मापं किती! आपल्याकडे हे सगळं करत बसलो तर गेजांचाच कारखाना काढावा लागेल, हे त्याला कळलं.

परतीच्या आगगाडीत त्यानं आकडेमोड मांडली. 102 ठोकळे असे निवडायचे की ते जोडून 1 ते 201 मिलिमीटरमधलं कुठलंही माप 0.01 मिलिमीटरच्या टप्प्यानं मिळावं, म्हणजे वीस हजार मापं. 38.27 हवंय? 1.27, 12 आणि 25 जोडा, झालं. शाळकरी बेरीज आहे, पण ती आधी कुणाला सुचली नव्हती.

खरी परीक्षा पुढे होती. तीन ठोकळे जोडले की तिघांच्या चुकाही जोडल्या जातात, म्हणून प्रत्येक ठोकळ्याची चूक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आत बसायला हवी. त्यासाठी यंत्र कुठलं? बायकोचं शिवणयंत्र! त्यात फेरफार करून योहान्सन घरीच ठोकळे घासून अंतिम मापाला आणायचा. कोट्यवधींच्या मशिनीशिवाय अचूक काम होत नाही म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो. पृष्ठभाग इतके सपाट झाले की एकावर एक दाबून सरकवले की ठोकळे घट्ट चिकटत. आजही हे ठोकळे, म्हणजे स्लिप गेज, तसेच ‘रिंग’ करतात. नवी पोरं हमखास विचारतात, चुंबक आहे का?

पोरांना ठोकळे हाताळू मात्र कमी द्यावेत, हाताच्या उबेनं ते वाढतात. 100 मिलिमीटरचा पोलादी ठोकळा एका अंशानं तापला की एक मायक्रॉनहून जास्त वाढतो. म्हणून योहान्सननं माप 20 अंश सेल्सिअसला धरलं. 1931 मध्ये जगानंही तेच प्रमाण मानलं. आपल्या पुण्याच्या मे महिन्यात त्यासाठी एसीचं बिल भरावं लागतं, ते वेगळं.

इंचाचा घोळ त्यानं असाच निस्तरला. अमेरिकेचा इंच 25.4 मिलिमीटरहून केसभर मोठा, इंग्लंडचा केसभर लहान. त्यानं 1912 च्या सुमारास आपले इंची ठोकळे सरळ 25.4 धरून केले. कारखान्यांना ते पटलं. 1923 मध्ये तर मोटारवाल्या हेन्री फोर्डनं त्याला अमेरिकेत डिअरबॉर्नला नेलं. सरकारांनी मात्र त्याच 25.4 च्या इंचावर करार केला तो 1959 मध्ये.