युनिक्स ते विंडोज: बँकेतून सोसायटीच्या ऑफिसात

संगणक घेताना आपण कंपनी आणि किंमत विचारतो. आत ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हा प्रश्न मागे पडतो. बँकांनी मात्र तो चाळीस वर्षांपूर्वीच हाताळला.

१९८३ मध्ये संगणकीकरणाबाबत कर्मचारी संघटनांशी करार झाला. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. त्या काळात बँकांनी युनिक्सला पसंती दिली. ते अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चाले, त्यामुळे एकाच विक्रेत्याच्या दावणीला बांधून घ्यावं लागत नसे. एका यंत्राला अनेक टर्मिनल जोडता येत, प्रत्येकाचा पासवर्ड आणि अधिकार वेगळे. टर्मिनलला फ्लॉपीच नसे, म्हणजे व्हायरसची ती वाटच बंद! दुसरीकडे डॉस आणि नॉव्हेल नेटवेअर स्वस्तात बसे. पण मध्येच लाईट गेली की अर्धवट लिहिलेली फाईल बिघडायची. मराठवाड्यातलं भारनियमन मी काय सांगावं! वीज गेली की युनिक्सलाही तपासणी लागेच, आणि ती संपेपर्यंत काउंटरवर रांग. पुढे विंडोज एनटी आली, मग कोअर बँकिंग, आणि निवड शाखेच्या हातातून गेली.

आपल्या सोसायटीच्या हातात ती अजून आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसातले तिन्ही संगणक त्यावरच आहेत. काही सभासद म्हणतात, सगळे नवे घ्या. मला तो खर्च पटत नाही. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून हिशेबाचा एक नवा घ्यावा, उरलेल्या दोनांवर लिनक्स टाकावं. मात्र बिघाड झाल्यास शहागडला येणारा माणूस आधी पक्का करा. विषय सभेपुढे आहे.