पिल्लांच्या टाकीतला स्पंज आणि वॉरिंग्टन बापलेक

तुमच्या घरी टाकीत गप्पी मासे असतील, तर पुढचं तुम्ही पाहिलेलं असेल. एका सकाळी पाणवनस्पतीच्या आडोशाला इवलीशी पिल्लं दिसतात. मोठे मासे गिळतील म्हणून मुलं त्यांना घाईघाईनं नव्या टाकीत, ताज्या पाण्यात काढतात. आणि आठवड्याभरात ती एकेक करून मरू लागतात. पाणी मात्र आरशासारखं नितळ! आपल्याकडे डासांच्या अळ्या खायला डबक्यांत आणि हौदांत सोडतात ते हेच गप्पी. ते तिथे बिनबोभाट वाढतात. मग नव्याकोऱ्या टाकीत काय बिघडतं?

याचं उत्तर सापडायला चाळीस वर्षं लागली, आणि त्यातला मोठा भाग लंडन परिसरातल्या एका बापलेकांनी शोधला. दोघांचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन.

वडील रसायनशास्त्रज्ञ. ब्लॅकफ्रायर्स स्टेशनजवळ अपॉथिकरीज हॉल आहे ना, तिथे ते औषधनिर्मितीचं काम पाहत. १८४९ साली त्यांनी बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण ५४ लिटरच्या टाकीत दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती लावली. हिशेब सोपा होता. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेईल आणि ऑक्सिजन परत देईल. पण पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आत टाकल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यांनी हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं.

पुढे १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि काचेची टाकी दिवाणखान्याची शोभा झाली. वनस्पती आणि मासे यांचा ‘तोल’ साधला की पाणी बदलायलाही नको, ही समजूत तेव्हा रुजली. माझ्या मते या गोंडस कल्पनेनं शंभर वर्षं माशांचं नुकसान केलं, कारण ती अर्धीच खरी होती. वॉरिंग्टननी टाकीच्या तळाशी चिखल, वाळू आणि चुनखडीचे तुकडेही घातले होते. त्या चिखलाला श्रेय कोणी दिलंच नाही!

मासा श्वासाबरोबर आणि मलमूत्रातून अमोनियाही सोडतो. तो दिसत नाही, आणि पाण्यात थोडासाच असला तरी माशाला विषारी असतो. त्याचं पुढे काय होतं, हे १८७७ मध्ये पॅरिसमध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी दाखवलं. वाळू आणि खडू भरलेल्या नळीतून त्यांनी सांडपाणी झिरपत सोडलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. नंतर मात्र अमोनिया जाऊन नायट्रेट बाहेर पडू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ दिली की काम बंद. म्हणजे हे करणारं काहीतरी जिवंत होतं.

धाकटे वॉरिंग्टन तेव्हा हार्पेंडनजवळच्या रॉथमस्टेड इथे शेतीच्या खतांवर संशोधन करत होते. (ब्लॅकफ्रायर्सहून हार्पेंडनला आज थेट गाडी जाते.) त्यांनी वर्षानुवर्षं बाटल्यांमध्ये हे जंतू वाढवले आणि सिद्ध केलं की काम दोन टप्प्यांत होतं: एक जंतू अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. जंतू वेगळे काढण्यात त्यांना यश आलं नाही. ते १८९० मध्ये विनोग्राड्स्की यांनी साधलं. वडील १८६७ मध्येच वारले होते. आपल्या टाकीत नेमकं काय चाललं होतं, हे त्यांना कधीच कळलं नाही.

आता पिल्लांकडे येऊ. पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला घालावं लागतं, त्यामुळे घाणही जास्त होते. त्यात लंडनचं पाणी जड, तुमच्या किटलीत पांढरा थर साचवणारं. अशा अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक घातक ठरतो. यावर उपाय म्हणजे हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर. नळीतून बुडबुडे वर चढतात आणि पाणी स्पंजातून हळूहळू ओढलं जातं. ओढ इतकी मंद असते की पिल्लू आत खेचलं जात नाही. जंतू स्पंजाच्या छिद्रांत वस्ती करतात, आणि स्पंजावर जमलेलं बारीकसारीक खाणं पिल्लं टिपत बसतात.

पण दुकानातून आणलेला कोरा स्पंज म्हणजे श्लोझिंग-म्युंत्झ यांची पहिल्या वीस दिवसांतली नळी. म्हणून जादाचा एक स्पंज मोठ्या टाकीत चार ते सहा आठवडे आधीच चालू ठेवा. नुसतं मोठ्या टाकीचं पाणी नव्या टाकीत ओतून भागत नाही, कारण बहुतेक जंतू पाण्यात तरंगत नसतात, पृष्ठभागाला चिकटून राहतात. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धरलात तर क्लोरीन ती वस्ती मारून टाकेल.

स्पंज तयार नसताना पिल्लं झाली, तर त्यांना मोठ्या टाकीतच जाळीच्या पेटीत ठेवा आणि नवी टाकी बाजूला तयार करत राहा. चाचणीच्या संचात अमोनियाची आणि नायट्राइटची अशा दोन बाटल्या असतात. अमोनिया उतरला की आपण निश्चिंत होतो, पण नेमकं तेव्हाच नायट्राइट चढतं आणि माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. धाकट्या वॉरिंग्टनच्या काही बाटल्याही याच पायरीवर अडून बसल्या होत्या. टाकीत थोडं माशांचं खाणं टाकत राहा आणि मोजत राहा. दोन्ही आकडे शून्यावर येऊन तिथेच टिकले, की पिल्लं हलवा.