पंक्ती, मिती आणि अवकाश : रेषीय बीजगणिताची परिभाषा व मराठवाड्यातील तिचा इतिहास

१

पदवी परीक्षेच्या गणितात रेषीय बीजगणित हा विषय आता सर्वत्र शिकविला जातो. सदिश अवकाश, आधार, मिती, रेषीय रूपांतर या कल्पनांचा परिचय विद्यार्थ्यास येथे प्रथमच होतो. शालेय बीजगणितात तो समीकरण सोडवीत असे. येथे समीकरणांच्या समूहाचे स्वरूप काय, त्याला उत्तर आहे की नाही आणि असल्यास एक की अनेक, याचा विचार त्याला करावा लागतो. हे संक्रमण अनेकांना जड जाते. या जडपणाचे कारण गणितात किती आणि भाषेत किती, हा प्रश्न गणिताच्या अध्यापकांचा आहे, तसाच तो भाषेच्या अभ्यासकांचाही आहे. धाराशिव जिल्हा आणि त्याच्या भोवतालचा मराठवाडा हा या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष अनुकूल प्रदेश आहे. गेल्या शतकात उच्च शिक्षणाची भाषा येथे एकाच पिढीच्या हयातीत पालटली, आणि ज्ञानभाषा व व्यवहारभाषा यांतील अंतराचा इतिहास या परिसरात बराच मागे नेता येतो.

२

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ. राष्ट्रकूट नृपती पहिला अमोघवर्ष (इ. स. ८१४–८७८) याच्या काळी महावीराचार्य या जैन गणितज्ञाने सुमारे ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. आपल्या लेखांत हे राजे स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजेच लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तेव्हा ज्या राजवटीत हा ग्रंथ झाला तिचे मूळ या परिसराशी निगडित आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

महावीराचार्यांचा एक प्रश्न असा : नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची एकत्र किंमत १०७ होते, सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची किंमत १०१ होते, तर प्रत्येक फळाची किंमत किती? त्यांच्या रीतीचा आशय असा की, मोठ्या किमतीस मोठ्या संख्येने आणि लहान किमतीस लहान संख्येने गुणावे, वजाबाकी करावी आणि दोन संख्यांच्या वर्गांतील अंतराने तिला भागावे. १०७ × ९ = ९६३; १०१ × ७ = ७०७; अंतर २५६. ८१ − ४९ = ३२. भागाकार ८, ही महाळुंगाची किंमत. त्यावरून कवठाची किंमत ५.

आजच्या विद्यार्थ्याच्या ध्यानात येईल की, हा ३२ म्हणजे ९, ७ ही पहिली पंक्ती आणि ७, ९ ही दुसरी पंक्ती असलेल्या आव्यूहाचा निश्चयक होय. स्वित्झर्लंडचे गाब्रिएल क्रेमर यांनी १७५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि मराठी माध्यमाच्या दहावीच्या पुस्तकात ‘क्रेमरची पद्धती’ म्हणून येणाऱ्या रीतीचेच हे एक विशेष रूप आहे. हेच उदाहरण आणखी पुढे नेता येते. दोन्ही समीकरणांची बेरीज केली तर १६ जोड्यांची किंमत २०८, म्हणजे एका जोडीची १३. वजाबाकी केली तर किमतींतील अंतराची दुप्पट ६, म्हणजे अंतर ३. बेरीज आणि अंतर या दोन दिशांनी पाहिले असता गुंतलेली समीकरणे सुटी होतात. १६ आणि २ या संख्यांना आज ‘आयगेन मूल्ये’ म्हणतात आणि त्यांचा गुणाकार पुन्हा ३२ च येतो.

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. महावीराचार्यांना रेषीय बीजगणित अवगत होते, असा निष्कर्ष यावरून काढणे इतिहासास धरून होणार नाही. त्यांच्याजवळ रीत होती. परंतु ९, ७, ७, ९ या मांडणीकडेच एक स्वतंत्र वस्तू म्हणून पाहण्याची कल्पना त्यांच्या ग्रंथात नाही. दोन्ही संख्या समान असतील तर भाजक शून्य होतो. मग काय करावे, हा प्रश्न त्यांच्या रीतीत उद्भवत नाही. आधुनिक विषयाचा आरंभ नेमका या प्रश्नापासून होतो.

३

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी (जन्म १११४) अनेक अज्ञातांच्या समीकरणांस ‘अनेकवर्णसमीकरण’ असे नाव योजिले. पहिले अज्ञात ‘यावत्तावत्’ आणि पुढची कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांच्या नावांची. ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे अक्षरही. एका शब्दाच्या दोन अर्थांनी येथे गणिताला चिन्हव्यवस्था मिळवून दिली. रोजच्या भाषेतील शब्द शास्त्रात कसा रुजतो, याचा हा उत्तम नमुना आहे.

याच परंपरेतील एक शिलालेख भाषेच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाचा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. त्यासंबंधीच्या शके ११२८ च्या लेखात वंशाची आणि विद्येची प्रशस्ती संस्कृतात आहे, आणि मठाला मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील अखेरीस मराठीत आहे. विद्या संस्कृतात सांगावी आणि देणेघेणे मराठीत लिहावे, ही वाटणी त्या एकाच दगडावर कोरलेली आहे. पुढे ज्ञानभाषेच्या जागी निरनिराळ्या भाषा आल्या. वाटणी मात्र बहुतांशी तशीच राहिली.

४

रेषीय बीजगणिताचा आधुनिक पाया ज्यांनी घातला त्यांच्यात हेर्मान ग्रासमान (१८०९–१८७७) यांचे स्थान अग्रभागी आहे. श्टेटिन या गावी ते शाळेत शिक्षक होते. १८४४ मध्ये त्यांनी आपला विस्तारविषयक सिद्धांत प्रसिद्ध केला. रेषीय संयोग, स्वातंत्र्य, मिती या कल्पना त्यात मुळारंभी आहेत. परंतु ग्रंथाची भाषा तत्त्वज्ञानाची आणि परिभाषा सर्वस्वी नवी असल्यामुळे गणितज्ञांनी तो वाचला नाही. १८६२ साली त्यांनी तो निराळ्या पद्धतीने पुन्हा लिहिला. त्याचीही उपेक्षाच झाली. पहिल्या ग्रंथाच्या सुमारे सहाशे न विकलेल्या प्रती १८६४ मध्ये रद्दीत गेल्या.

हेच ग्रासमान भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र अपरिचित नाहीत. संस्कृत व ग्रीक भाषांतील महाप्राण व्यंजनांविषयीचा त्यांचा नियम १८६३ चा आहे. ‘धा’ धातूचे रूप ‘धधाति’ न होता ‘दधाति’ का होते, ‘भू’ चे ‘बभूव’ का होते, हे तो नियम सांगतो. मराठीत हिंदी ‘भूख’, ‘भीख’ यांच्या जागी ‘भूक’, ‘भीक’ आढळतात. येथे पहिला महाप्राण टिकतो आणि दुसरा जातो, म्हणून नियम तोच नव्हे; तथापि एका शब्दात दोन महाप्राण सहसा न राहू देण्याची प्रवृत्ती तशीच आहे. १८७३ ते १८७५ या काळात त्यांचा ऋग्वेदाचा कोश प्रसिद्ध झाला आणि तो आजही वापरात आहे. गणितात ज्या माणसाची उपेक्षा झाली त्यालाच भाषाशास्त्रात मान मिळाला. नव्या कल्पनेला वाचकांच्या ओळखीचे शब्द न मिळाल्यास ती किती काळ अडून राहते, याचे हे ठळक उदाहरण होय. इटलीच्या पेआनो यांनी १८८८ मध्ये ग्रासमान यांचे ऋण मान्य करून त्यांच्या कल्पना सुबोध सूत्रांत मांडल्या, तेव्हा मूळ ग्रंथास चव्वेचाळीस वर्षे लोटली होती.

इतर संज्ञांचा इतिहासही उद्बोधक आहे. ‘मॅट्रिक्स’ हा शब्द सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये योजिला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय. ज्या मांडणीतून अनेक निश्चयक जन्म घेतात ती त्यांची जननी, असा त्यांचा भाव होता. केली यांनी १८५८ मध्ये आव्यूहांचे स्वतंत्र बीजगणित मांडले. ‘आयगेन’ हे विशेषण जर्मन असून हिल्बर्ट यांनी ते १९०४ मध्ये रूढ केले. त्याचा अर्थ ‘स्वतःचे’, ‘आपले’ एवढाच. जर्मन विद्यार्थ्यास तो घरातला शब्द आहे. आपल्या विद्यार्थ्यास मात्र तो एखाद्या गणितज्ञाच्या नावासारखा वाटण्याचा संभव असतो.

५

आता मराठवाड्याकडे वळू. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. धाराशिवला उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून मिळाले. २०२३ साली धाराशिव हे नाव अधिकृतपणे पुन्हा स्वीकारले गेले. त्याच निजामाच्या नावाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये हैदराबादेत सुरू झाले. आधुनिक शास्त्रांसह सर्व उच्च शिक्षण उर्दूतून देणारे विद्यापीठ म्हणून ते प्रसिद्धीस आले आणि त्यासाठी भाषांतर संस्था स्थापून परिभाषा घडविण्यात आली. एका भारतीय भाषेत उच्च गणित शिकविता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु धाराशिवकडील मराठीभाषी विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्रिकोण ‘मुसल्लस’ झाला, कोन ‘ज़ाविया’ झाला आणि समीकरण ‘मसावात’ झाले. घरचा हिशेब एका भाषेत आणि शाळेचे गणित दुसऱ्या भाषेत, अशी स्थिती होती. जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांनी मातृभाषेतील शिक्षणाचा आग्रह धरला, त्यामागे राजकीय प्रेरणेबरोबर ही शैक्षणिक गरजही होती. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ हे याच शाळेत अध्यापक होते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर विद्यापीठात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव जोडण्यात आले. शाळेत मराठी आली. उच्च गणित मात्र इंग्रजीतच राहिले.

येथे एक कालिक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. बर्कहॉफ व मॅक्लेन यांचे पुस्तक १९४१ चे, हाल्मोश यांचे १९४२ चे. रेषीय बीजगणित हा पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून जगभर प्रसार पावला तो मुख्यतः १९५० नंतर. म्हणजे हा विषय आणि मराठवाडा विद्यापीठ यांचा उदय जवळजवळ एकाच काळी झाला. त्यामुळे येथील विद्यार्थ्यास या विषयापुरता कोणताच शब्दवारसा मिळाला नाही. संस्कृत परंपरा त्याआधीच थांबली होती, उर्दू परिभाषा मागे पडली होती आणि मराठी परिभाषा अद्याप घडावयाची होती.

६

पुढे ती घडली. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि इतर शास्त्रांप्रमाणे गणिताचाही परिभाषा कोश सिद्ध झाला. आज आपल्याजवळ शब्द आहेत. प्रश्न त्यांच्या जिवंतपणाचा आहे.

एक तुलना करू. हिशेब, जमा, वजा, बाकी हे शब्द अरबी-फारसीतून आले. परंतु आज मराठी माणसास ते परके वाटत नाहीत, कारण ते बाजारातून, दप्तरातून, नित्य वापरातून आले. ‘मुसल्लस’ त्याच मुळाचा, पण मराठीत राहिला नाही, कारण तो फक्त पुस्तकातून आला. यावरून असे दिसते की, शब्दाचे कुळ कोणते याला फारसे महत्त्व नाही. तो कोणत्या वाटेने आला याला आहे. हा निकष आपण आपल्याच संस्कृतोद्भव परिभाषेस लावला पाहिजे. ‘आव्यूह’ हा शब्द संस्कृत आहे एवढ्याने तो मराठी विद्यार्थ्याचा होत नाही. फळ्यावर, उत्तरपत्रिकेत आणि विद्यार्थ्यांच्या आपसांतील बोलण्यात तो आला नाही, तर त्याची गती ‘मुसल्लस’ सारखीच होईल.

याउलट काही शब्दांत मोठे सामर्थ्य दडलेले आहे. ‘पंक्ती’ पासूनच आपली ‘पंगत’ झाली. पंगतीत प्रत्येकाचे पान ठरलेल्या जागी असते, तसे आव्यूहाच्या पंक्तीतील प्रत्येक पद. ‘मिती’ म्हणजे मोजमाप; आधारात किती सदिश लागतात याचे ते मोजमापच आहे. ‘आधार’ काढून घेतला तर वरचे काही उभे राहत नाही, हे खेड्यातील विद्यार्थ्यासही सांगावे लागत नाही. रेषीय ‘अवलंबन’ म्हणजे एका सदिशाने इतरांच्या जिवावर उभे राहणे. काही शब्द मात्र वाट चुकवितात. ‘त्याला यायला अवकाश आहे’ असे म्हणणाऱ्या मुलास ‘सदिश अवकाश’ म्हणजे सवड नव्हे आणि अंतराळही नव्हे, तर बेरीज आणि गुणन या क्रियांनी ज्याच्या बाहेर जाता येत नाही असा सदिशांचा समूह, हे स्पष्ट सांगावेच लागते. या मुलास इंग्रजी ‘स्पेस’ देखील तितकीच फसवी आहे. पण ती फसवी आहे हे त्याला कळतही नाही, कारण त्या शब्दाशी त्याचे पूर्वीचे नातेच नसते.

७

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये उच्च शिक्षणातही भारतीय भाषांना स्थान देण्याचा पुरस्कार केला आहे. केवळ पाठ्यपुस्तकांच्या भाषांतराने हे साधेल असे वरील इतिहास पाहता वाटत नाही. उस्मानिया विद्यापीठाजवळ भाषांतरे होती. मराठीभाषी विद्यार्थ्याची वाट त्यांनी सुकर झाली नाही. ग्रासमान यांच्याजवळ कल्पना होती. शब्दांनी ती चाळीस वर्षांहून अधिक काळ अडवून धरली. दोन्हींवरून निघणारा बोध एकच : परिभाषा वर्गात घडावी लागते, आणि ती घडविण्याचे काम अध्यापकाचे आहे.

म्हणून पहिल्या पाठात पुढील क्रम उपयुक्त ठरेल. आरंभी महाळुंग-कवठासारखा प्रश्न मराठीत मांडावा आणि विद्यार्थ्यांकडून तो तोंडी सोडवून घ्यावा. नंतर संख्यांची मांडणी दाखवून तिला मराठी व इंग्रजी अशी दोन्ही नावे एकाच वेळी द्यावीत, आणि प्रत्येक नावामागील प्रतिमा सांगावी : मॅट्रिक्समधील गर्भाशय, निश्चयकातील निश्चय, आयगेनमधील स्वत्व. त्यानंतरच व्याख्या लिहावी. इंग्रजी परिभाषा विद्यार्थ्यास पुढील अध्ययनासाठी लागणारच आहे आणि तिचा त्याग कोणी सुचवीत नाही. परंतु कल्पना समजण्याची भाषा आणि ती परीक्षेत लिहिण्याची भाषा यांत पाटणच्या शिलालेखासारखी वाटणी कायम राहिली, तर गणित हे पाठ करण्याचे शास्त्र होऊन बसेल. ही वाटणी मोडावयाची असेल तर आरंभ पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासापासूनच केला पाहिजे, आणि त्यात भाषाविभागाने गणितविभागास साहाय्य केले पाहिजे.