संस्थेच्या घटनेची कुळकथा

लोकोपयोगी कार्यासाठी एखादी धर्मादाय संस्था काढावयाची म्हटले, की उत्साही मंडळींच्या वाटेत पहिला अडसर उभा राहतो तो कागदाचा. उद्देशपत्र, नियमावली, न्यासपत्र अशा भारदस्त नावांनी वावरणारा आणि बोलण्यात नुसता ‘घटना’ म्हणून ओळखला जाणारा हा दस्तऐवज इंग्रजी कचेरीने आपल्या माथी मारलेला आहे, असा समज सार्वत्रिक असला, तरी त्याचे मूळ धुंडाळू गेल्यास ते आपल्याच सह्याद्रीच्या कातळात सापडते.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे. लेणे भिक्षुसंघास अर्पण करून हा दाता थांबला नाही. ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली, त्यांपैकी २,००० दरमहा शेकडा १ व १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने, आणि मुद्दल कधीही परत द्यावयाचे नाही, उपभोग फक्त व्याजाचा घ्यावयाचा, अशी अट दगडावर कोरून टाकली. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज होते २४०, आणि लेण्यात वर्षावासास राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे म्हणजेही बरोबर २४०. हिशेबात एक कवडीही इकडची तिकडे झालेली नाही. हा सारा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे दप्तरी नोंदविल्याचेही लेख सांगतो. निधी कोणता, सांभाळणार कोण, लाभ कोणाला आणि नोंद कोठे, हे आजच्या न्यासपत्रातील चार प्रमुख प्रश्न त्यात निकालात निघालेले आहेत.

मात्र दात्याच्या पश्चात कोणी अट मोडली तर काय, या पाचव्या प्रश्नाला पुढील कित्येक शतके उत्तर होते ते शापाचे. भूमिदानाचे हरण करणारा साठ हजार वर्षे नरकात पडेल, असे ताम्रपट बजावीत. शिलाहारकालीन गद्धेगळांवर तर तीच धमकी, अक्षरशत्रूलाही उमजावी म्हणून, अश्लील चित्राच्या रूपाने खोदलेली दिसते. मराठेशाहीच्या सनदांनी या धाकाला दप्तराची जोड दिली: दरसाल नव्या पत्राचा आक्षेप न घेता दान चालवावे, पत्राची नक्कल ठेवून अस्सल भोगवटादारास परत द्यावे, असा हुकूम अंमलदारांना त्यांतूनच सुटे. या जपलेल्या अस्सल कागदाचे मोल १८५२ च्या इनाम कमिशनपुढे पुरावा दाखविण्याची पाळी आली, तेव्हा पुष्कळांना कळून चुकले.

आतापर्यंतचा दाता एकटा होता. अनेकांनी मिळून कार्य करावयाचे, तर त्यांना एका कागदाने बांधणार कसे, याचा साचा १८६० च्या २१ व्या कायद्याने दिला. इंग्लंडात १८५४ साली वाङ्मयीन व शास्त्रीय संस्थांसाठी झालेल्या कायद्यावर तो बेतलेला होता. किमान सात जणांच्या सह्यांचे उद्देशपत्र. त्यात संस्थेचे नाव, हेतू आणि कारभाऱ्यांची नावे, पत्ते व व्यवसाय. सोबत कारभारी मंडळाच्या किमान तिघांनी खरी म्हणून प्रमाणित केलेली नियमावलीची प्रत, एवढाच मामला. परंतु हेतू बदलावयाचा झाल्यास तीनपंचमांश मते मिळाली तरी काम संपत नाही. महिनाभराने दुसरी सभा भरवून तेवढ्याच बहुमताने तो ठराव पुन्हा कायम करावा लागतो. संस्था बुडाली तरी शिल्लक सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या एखाद्या संस्थेकडेच जावी लागते. शापाचे काम आता कलमांनी अंगावर घेतले होते.

सात सह्यांनी संस्था उभी राहिली, तरी त्या सात जणांना लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न उरतोच. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून १८७० साली गणेश वासुदेव जोशी प्रभृतींनी पुण्यात सार्वजनिक सभा काढली, तेव्हा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास लोकांचे मुखत्यारनामे आणावेत, असा नियम त्यांनी केला. कोर्टकचेरीतील रोजच्या व्यवहारातला कागद त्यांनी प्रातिनिधिकतेच्या कामी लावला, आणि कायद्याने न मागितलेली गोष्ट आपण होऊन दिली.

१९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने या वंशावळीत धर्मादाय आयुक्त आणून बसविला. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय संस्थाही या अधिनियमाच्या व्याख्येत सार्वजनिक न्यास ठरल्यामुळे महाराष्ट्रात दुहेरी नोंदणीची रीत पडली, आणि विश्वस्त बदलला तरी नव्वद दिवसांच्या आत फेरफार कळविणे भाग झाले. तरीही नव्या संस्थांची घटना बहुधा जुन्या संस्थेच्या घटनेवरून नाव तेवढे बदलून उतरविली जाते, आणि रिक्त जागा कोणी भरावी, सभा कोणी बोलवावी, ही कलमे मोघमच राहतात. न्यासाचा कारभार नीट चालावा म्हणून योजना ठरवून देण्याचा अधिकार १९५० च्याच कायद्याने आयुक्ताला दिलेला आहे. म्हणून संस्थापकांनी एकमेकांच्या भिडेखातर जे लिहावयाचे टाळले, ते कलह विकोपाला गेल्यावर परक्या हाताने लिहिले जाते, आणि मग ते पाळावेही लागते.